एक अर्ज आणि बत्तीस राष्ट्रें

इ. स. १९३३ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस प्राग शहरीं एका बेकार गृहस्थानें राष्ट्रसंघाच्या नांवें लिहिलेल्या एका अर्जावर सही केली. त्याचें नांव फ्रान्झ बर्नहाइम. जन्म ऑस्ट्रियांतील झाल्ट्सबुर्गचा, नागरिकत्व जर्मनीचें, वय चौतिशीच्या आंतबाहेर. आणि आदलीं दीड-पावणेदोन वर्षें नोकरी जर्मनीच्या आग्नेय टोंकाला असलेल्या ग्लायविट्झ गांवच्या एका मोठ्या दुकानांत. एप्रिलअखेर त्या दुकानानें आपले सर्व ज्यू नोकर एकदम काढून टाकले, त्यांत हाही गेला. बर्नहाइम पुढारी नव्हता, विद्वान नव्हता, कोणत्याही चळवळीत त्याचें नांव ऐकूं येत नव्हतें. परंतु पांच लाखांच्या समाजावर चाललेल्या छळाबद्दल जर्मन सरकारला साऱ्या जगासमोर उत्तर देणें ज्या कागदामुळें भाग पडलें, त्या कागदाखालीं सही होती ती याच माणसाची.

त्या वर्षीं जर्मनींत काय चाललें होतें तें आतां सर्वांना ठाऊक आहे. तरी क्रम ध्यानांत घेणें बरें. ३० जानेवारीस हिटलर चॅन्सेलर झाला. १ एप्रिल रोजीं ज्यूंच्या दुकानांवर, दवाखान्यांवर व वकिलांच्या कचेऱ्यांवर बहिष्कार पुकारण्यांत आला आणि दाराशीं गणवेशधारी पहारेकरी उभे राहिले. ७ एप्रिलच्या कायद्यानें ज्यू सरकारी नोकर बडतर्फ झाले. त्याच दिवशीं वकिलांसंबंधीं कायदा झाला. त्याच महिन्यांत विमाखात्याच्या दवाखान्यांतून ज्यू डॉक्टर निघाले आणि शाळा-कॉलेजांत ज्यू मुलांच्या नव्या प्रवेशाला शेंकडा दीडची मर्यादा बसली. ज्यांच्यावर हें आलें ते लोकसंख्येच्या शेंकडा एकही नव्हते, आणि पहिल्या महायुद्धांत जर्मनीच्या बाजूनें लढतां लढतां त्यांचे सुमारें १२,००० लोक पडले होते. कोंकणांत तेलाची घाणी चालवून शनिवारीं ती बंद ठेवणाऱ्या, आणि म्हणून 'शनिवार तेली' म्हटल्या जाणाऱ्या बेने इस्रायलांना शेजाऱ्यांनीं शतकानुशतकें जसें आपलें मानलें, तसेंच आपण जर्मन आहों अशी या लोकांची समजूत होती.

जग गप्प बसलें नव्हतें. २७ मार्च रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें प्रचंड सभा झाली. लंडन, पॅरिस, वॉर्सा येथें निषेध झाले. जर्मन मालावर बहिष्काराची हांक उठली. परंतु हें झालें लोकांचें. सरकारांचें उत्तर ठरलेलें होतें: कोणत्याही राज्यानें आपल्या प्रजेशीं कसें वागावें हा त्या राज्याचा घरचा प्रश्न; बाहेरच्यानें त्यांत बोलणें हा शिष्टाचाराचा भंग. हें उत्तर केवळ भित्रेपणाचें नव्हतें. तें देणाऱ्या प्रत्येकाच्या घरांत अशी एकेक खोली होती कीं, तिचें दार परक्यानें उघडूं नये असें त्याला वाटे. अमेरिकेच्या दक्षिणेंतील निग्रो, इंग्लंडच्या व फ्रान्सच्या वसाहतींतील कोट्यवधि प्रजा, यांच्या तक्रारी जिनीव्हाला जाऊं लागल्या तर त्यांना अंत कोठें?

म्हणूनच १९१९ सालीं पॅरिसच्या शांतता परिषदेंत या प्रश्नाची अर्धीच सोडवणूक झाली. सर्व राष्ट्रांना व त्यांच्या प्रजाजनांना समान वागणूक मिळावी असें कलम राष्ट्रसंघाच्या सनदेंत घालण्याचा जपानचा आग्रह होता. एप्रिल महिन्यांत बहुमत त्याच्या बाजूस पडलें असतांही अध्यक्ष विल्सन यांनीं एकमताची अट पुढें करून तो बाजूला सारला. मात्र जीं नवीं किंवा वाढलेलीं राष्ट्रें युद्धांतून निर्माण झालीं होतीं, त्यांच्यावर अल्पसंख्यांच्या रक्षणाचे करार लादण्यांत आले. पहिला पोलंडवर, २८ जून १९१९ रोजीं. मागोमाग चेकोस्लोव्हाकिया, रुमानिया, युगोस्लाव्हिया, ग्रीस यांवर. धर्म, भाषा वा वंश यांवरून भेद करावयाचा नाहीं, आणि केल्यास राष्ट्रसंघ विचारील, असा त्या करारांचा मथितार्थ. लहानांना जें बंधनकारक तें मोठ्यांना नाहीं, हा त्यांतला अन्याय पोलंडच्या मनांत कायम सलत राहिला. १९३४ च्या सप्टेंबरांत पोलंडनें या देखरेखीशीं सहकार्य करण्याचें नाकारलें, त्याचें मूळ येथेंच आहे.

जर्मनी पराभूत होता. पण मोठें राष्ट्र म्हणून त्याच्यावर असा कोणताच करार नव्हता. उलट सीमा बदलल्यामुळें लक्षावधि जर्मन लोक परराज्यांत अडकून पडले होते. त्यांची कड घेऊन स्ट्रेसमानसारखे मंत्री जिनीव्हास अल्पसंख्यांचे कैवारी म्हणून बोलत, आणि तें मनापासून बोलत.

या साऱ्या जर्मन मुलखांत एकच फट राहून गेली होती. वरचा सायलेशिया हा कोळशाच्या खाणींचा व लोखंडाच्या कारखान्यांचा प्रांत जर्मनीनें ठेवावा कीं पोलंडला द्यावा, यासाठीं मार्च १९२१ मध्यें सार्वमत झालें, दंगे झाले, आणि अखेर प्रांताचे दोन तुकडे झाले. परंतु खाण एकीकडे, भट्टी दुसरीकडे, मजूर तिसरीकडे अशी स्थिति! ती संभाळण्यासाठीं १५ मे १९२२ रोजीं जिनीव्हास दोन्ही देशांत करार झाला. त्याचीं कलमें ६०६ आणि मुदत पंधरा वर्षें. आगगाड्या, वीज, पाणी, चलन यांच्या जोडीला अल्पसंख्यांच्या हक्कांचा एक मोठा भाग त्यांत होता आणि तो सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखाच लागू होता. वादांचा निकाल करण्यासाठीं मिश्र आयोग होता. त्याचे अध्यक्ष फेलिक्स कालोंडर हे पूर्वीं स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते. याशिवाय १४७ व्या कलमान्वयें अल्पसंख्यांपैकीं कोणाही व्यक्तीला थेट राष्ट्रसंघाच्या कौन्सिलकडे दाद मागतां येई. इतर करारांखालीं आलेले अर्ज राष्ट्रसंघाच्या कचेरीच्या चाळणींतून जात आणि पुष्कळसे तेथेंच राहत. येथें तसें करतां येत नव्हतें. ग्लायविट्झ हा गांव त्या प्रांताच्या जर्मन बाजूस होता.

पॅरिसमध्यें ज्यू शिष्टमंडळांची एक समिति होती; तिचे प्रमुख लिओ मोट्स्किन. तेथील जाणत्यांच्या ही फट ध्यानांत आली. अर्जदार मात्र मिळेना. वरच्या सायलेशियांत ज्यू होते सुमारें दहा हजार. परंतु जो सही करील त्याला दुसऱ्या दिवशीं त्याच गल्लींतून चालावयाचें होतें! बर्नहाइम देश सोडून प्रागला आला होता म्हणून त्याला सही करतां आली. एवढ्या थोर प्रश्नाचा भार अखेर ज्याच्या खांद्यावर आला, तो तेथें योगायोगानें उभा होता इतकेंच.

अर्जाची मांडणी वकिली होती; तींत आक्रोश नव्हता. एप्रिल महिन्यांतील कायदे एकेक करून उद्धृत केलेले, शेजारीं जिनीव्हा कराराचीं कलमें, आणि दोहोंत विरोध आहे एवढेंच दाखविलेलें. हे कायदे वरच्या सायलेशियांत रद्द समजावेत, हानि झालेल्यांना पूर्ववत् करावें, भरपाई द्यावी ही मागणी. हिटलरच्या राजवटीच्या बरेवाईटपणाची चर्चा कौन्सिलनें करावी असें त्यांत कोठेंही म्हटलेलें नव्हतें. त्यामुळेंच तो अर्ज बाजूला सारणें अवघड झालें.

१७ मे रोजीं अर्ज दाखल झाला आणि जर्मनीचे प्रतिनिधि फॉन केलर यांच्यापुढें पेंच पडला. त्या प्रांताच्या पोलिश बाजूस जर्मन अल्पसंख्यांची मोठी वस्ती होती, आणि तिचें सारें रक्षण याच कराराच्या आधारें चाललें होतें. आपल्या बाजूस करार नाकारावा तर पलीकडच्या जर्मनांचें छत्र जाणार! २६ मे रोजीं त्यांनीं निवेदन केलें. आंतरराष्ट्रीय करारांना देशांतील कायद्यांनीं बाध येऊं शकत नाहीं हें उघडच आहे, आणि वरच्या सायलेशियांत कराराचा भंग झाला असल्यास तो कनिष्ठ अधिकाऱ्यांनीं कायद्याचा चुकीचा अर्थ लावल्यामुळें झाला असला पाहिजे, असा त्याचा आशय होता. ज्या कायद्यांवर हिटलरच्या मंत्रिमंडळाची मोहोर होती, त्यांची अंमलबजावणी म्हणजे कनिष्ठ नोकरांची चूक! राजकारणांतील कबुलीजबाब बहुधा असेच असतात, आणि तरीही ते कबुलीजबाबच असतात.

कौन्सिलपुढें या प्रकरणाचें निवेदन करण्याचें काम आयर्लंडचे शॉन लेस्टर यांच्याकडे होतें. ३० मे रोजीं उघड बैठकींत चर्चा झाली. केलर यांनीं आतां दुसराच मुद्दा काढला: बर्नहाइम हा मूळचा वरच्या सायलेशियाचा नव्हे, त्याचे तेथें नातेसंबंध नाहींत, तेव्हां त्याला अर्जाचा अधिकारच नाहीं. हा प्रश्न तीन कायदेपंडितांकडे सोंपविण्यांत आला आणि त्यांनीं निर्णय अर्जदाराच्या बाजूनें दिला. ६ जून १९३३ रोजीं कौन्सिलनें लेस्टर यांचा अहवाल स्वीकारला. जर्मनी व इटली यांनीं मत दिलें नाहीं. विरुद्ध एकही मत पडलें नाहीं.

पुढें काय झालें हें इतिहासाच्या सामान्य पुस्तकांत क्वचितच सांपडतें. वरच्या सायलेशियाच्या जर्मन भागांत ज्यूंविरुद्धचे कायदे थांबले. एकदम नव्हे, स्थानिक ज्यूंना मिश्र आयोगापुढें तक्रारीमागून तक्रार न्यावी लागली. पण थांबले खरे. ज्यू वकील कोर्टांत उभे राहिले, डॉक्टर दवाखान्यांत बसले, सरकारी नोकर कामावर परतले. इतर जर्मनींत बंदी असलेली धर्मविधीप्रमाणें पशुवधाची प्रथाही तेथें चालूं राहिली. १९३५ च्या सप्टेंबरांत न्यूरेंबर्गचे कायदे झाले, ज्यू नागरिकत्वास मुकले, ज्यू व जर्मन यांच्यांतील विवाह गुन्हा ठरला. त्या कायद्यांचा अंमलही या चिमुकल्या मुलखांत बसला नाहीं. तेंच सरकार, तेच पोलीस, तींच वृत्तपत्रें. आणि तरी चार वर्षें दहा हजार माणसें एका कागदाच्या आडोशाला राहिलीं.

राष्ट्रसंघ दुबळा होता, त्याच्यापाशीं सैन्य नव्हतें, तो काय करणार, असें म्हणण्याचा परिपाठ पडून गेला आहे. ग्लायविट्झच्या प्रकरणांतही सैन्य नव्हतें. तेथें लिहिलेलें कलम होतें, दाद मागण्याची वाट होती, ती ऐकून घेणारें आसन होतें, आणि कलम मोडल्यास मोडणाऱ्याचेंही कांहीं जाणार होतें. या चारांपैकीं एकही गोष्ट उरलेल्या जर्मनीच्या बाबतींत नव्हती. आणि ती निर्माण करण्याचा प्रसंग त्याच वर्षीं, त्याच शहरीं येऊन गेला.

सप्टेंबर १९३३ मध्यें राष्ट्रसंघाची साधारण सभा भरली, तेव्हां हैतीच्या वतीनें बसलेले ग्रीक कायदेपंडित आंत्वान फ्रांग्युलिस यांनीं ठराव मांडला कीं, मानवी हक्कांच्या रक्षणाचा करार सर्व राष्ट्रांना सारखा लागू असा करण्यांत यावा. हैतीसारख्या निग्रो प्रजासत्ताकाच्या आसनावरून ही सूचना यावी यांत कांहीं औचित्य होतें. ती पुढें गेली नाहीं. ज्यांच्यावर करार नाहीं त्या राष्ट्रांनींही आपल्या अल्पसंख्यांना न्यायानें वागवावें अशी आशा पूर्वींच्या एका ठरावांत व्यक्त झाली होती. तिचा पुनरुच्चार करून ती जर्मनीच्या ज्यूंनाही लागू आहे असें म्हणण्याचा फ्रान्सचा प्रयत्न होता. जर्मनीच्या ज्यूंचा प्रश्न हा अल्पसंख्यांचा प्रश्नच नव्हे, तो एक स्वतंत्र प्रकार आहे, असें सांगून जर्मनीनें नकार दिला, आणि एकमताच्या नियमामुळें त्या एका नकारानें प्रयत्न बुडाला. १४ ऑक्टोबर रोजीं जर्मनीनें राष्ट्रसंघ सोडल्याचें जाहीर केलें.

यानंतरचा प्रश्न बदलला. छळ थांबवावा कसा हें विचारणें सुटलें. छळांतून निसटलेल्यांना ठेवावें कोठें, एवढेंच उरलें. निर्वासितांसाठीं एक हायकमिशनर नेमण्यांत आला: जेम्स मॅक्डोनल्ड, अमेरिकन गृहस्थ. परंतु जर्मनीचें मन दुखूं नये म्हणून त्याची कचेरी राष्ट्रसंघापासून तोडून जिनीव्हाऐवजीं लोझानला ठेवली, आणि खर्च खासगी देणग्यांवर सोडला. दोन वर्षें हा माणूस सरकारांचे उंबरठे झिजवीत हिंडला. ८० हजारांहून अधिक लोक तोंवर बाहेर पडले होते आणि त्यांतील सुमारें दोन-तृतीयांशांची कोठेंतरी सोय लागली होती, हें लहान काम नव्हे. परंतु न्यूरेंबर्गच्या कायद्यांनंतर त्याची खात्री पटली कीं, गळणाऱ्या छपराखालीं भांडीं मांडीत बसण्यांत अर्थ नाहीं. २७ डिसेंबर १९३५ रोजीं त्यानें जाहीर राजीनामा दिला. निर्वासितांचा प्रश्न जेथें उत्पन्न होतो तेथेंच त्याला हात घातला पाहिजे, आणि तें काम दानधर्माचें नसून राष्ट्रांचें आहे, असें त्यानें त्यांत स्पष्ट बजावलें. पत्र सर्वत्र छापून आलें, त्याची वाखाणणी झाली, आणि त्याच्या जागीं दुसरा अधिकारी नेमण्यांत आला.

१५ जुलै १९३७ रोजीं जिनीव्हा कराराचीं पंधरा वर्षें भरलीं आणि ग्लायविट्झचा आडोसा गेला. चार वर्षें अडवून धरलेले सारे कायदे तेथें थोड्याच अवधींत लागू करण्यांत आले. मुदत वाढविण्याचा आग्रह धरणारें कोणी उरलें नव्हतें.

त्यानंतर जवळजवळ वर्षानें, ६ जुलै १९३८ रोजीं, जिनीव्हा सरोवराच्या फ्रेंच कांठावर एव्हियां येथें बत्तीस राष्ट्रांची परिषद भरली. मार्चमध्यें हिटलरनें ऑस्ट्रिया गिळला होता आणि व्हिएन्नाच्या रस्त्यांवर प्रतिष्ठित ज्यू नागरिकांना गुडघ्यांवर बसवून फरशी घासावयास लावल्याचीं छायाचित्रें सर्वत्र पोंचलीं होतीं. निमंत्रण अध्यक्ष रूझवेल्ट यांचें. परंतु त्यांतच आश्वासन दिलेलें होतें कीं, कोणाही देशानें आपल्या चालू कायद्यांत बसतात त्यांहून जास्त लोक घ्यावेत अशी अपेक्षा नाहीं. परिषद स्वित्झर्लंडमध्यें भरावयाची, पण शेजाऱ्याची भीति वाटून स्विस सरकारनें नकार दिला. म्हणून ती एव्हियांस, जेथील झऱ्याचें पाणी बाटल्यांत भरून जगभर जातें तेथील हॉटेल रॉयालमध्यें, नऊ-दहा दिवस चालली.

अमेरिकेचे मायरन टेलर यांनीं जर्मनी-ऑस्ट्रियाचा मिळून वर्षाचा २७,३७० चा कोटा पुरा वापरूं देण्याचें मान्य केलें. आजवर तो पुरा भरूंही दिला जात नव्हता, तेव्हां ही सवलतच ठरली. इंग्लंडचे लॉर्ड विंटर्टन यांनीं पॅलेस्टाइन चर्चेंतून कटाक्षानें दूर ठेवलें. फ्रान्स म्हणाला, आमच्याकडे भरून वाहतें आहे. दक्षिण अमेरिकेंतील राष्ट्रांनीं एकामागून एक सांगितलें कीं, शेतकरी असतील तर विचार करूं, व्यापारी व वकील नकोत. ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधि व्हाइट यांनीं तर, आपल्याकडे वंशाचा प्रश्न नाहीं आणि तो आयात करण्याची आपली इच्छा नाहीं, अशा अर्थाचें भाषण केलें. परिषद चालूं असतांनाच, १२ जुलै रोजीं, अर्जेंटिनाच्या परराष्ट्रखात्यानें आपल्या वकिलातींना गुप्त परिपत्रक धाडलें: स्वदेशानें नको म्हणून काढलेल्यांना परवाने देऊं नयेत. हें परिपत्रक अधिकृतपणें रद्द झालें तें २००५ सालीं.

ज्यू संस्थांच्या प्रतिनिधींना एका उपसमितीपुढें प्रत्येकीं कांहीं मिनिटें मिळालीं. पॅलेस्टाइनच्या ज्यूंकडून आलेल्या एका बाईंना मुख्य परिषदेंत बोलण्याची मुभा नव्हती; त्या नुसत्या ऐकत बसल्या. पुढें त्या गोल्डा मेयर या नांवानें इस्रायलच्या पंतप्रधान झाल्या. एकट्या डॉमिनिकन प्रजासत्ताकानें लाखापर्यंत माणसें घेण्याची तयारी दाखविली; आणि तेथील हुकूमशहा त्रुहिय्यो यानें आदल्याच ऑक्टोबरांत हैतीच्या हजारों मजुरांची कत्तल करविली होती, तो डाग पुसण्याची त्याला निकड होती! प्रत्यक्षांत सोसुआच्या वसाहतींत जीं माणसें जाऊन राहिलीं त्यांची संख्या हजारही भरली नाहीं. अखेरच्या ठरावांत एक कायम समिति स्थापन झाली. जर्मनीच्या निषेधाचा शब्द नव्हता. जर्मन वृत्तपत्रांनीं आनंद लपविला नाहीं: कळवळा सर्वांना, ज्यू कोणालाच नको, असा त्यांचा सूर होता.

बत्तीस राष्ट्रांची सहानुभूति खोटी होती असें मानण्याचें कारण नाहीं. तिला कायद्याचें एकही कलम बांधलेलें नव्हतें, एवढाच ग्लायविट्झ व एव्हियां यांत फरक.

पुढच्या घटना भराभर घडल्या. स्विस पोलिसखात्याचे प्रमुख रोथमुंड हे एव्हियांस स्वित्झर्लंडचे प्रतिनिधि होते. त्यांच्या खात्याच्या व जर्मनीच्या वाटाघाटींतून ऑक्टोबर १९३८ मध्यें ज्यूंच्या पासपोर्टावर 'जे' या अक्षराचा लाल शिक्का बसूं लागला, म्हणजे सरहद्दीवर ओळखून परत पाठविणें सोपें. ९ नोव्हेंबरच्या रात्रीं जर्मनीभर शेंकडों सिनॅगॉग जाळण्यांत आले, हजारों दुकानें फुटलीं, सुमारें ३०,००० पुरुष छळछावण्यांत गेले, आणि झालेल्या नुकसानीबद्दल ज्यूंनाच एक अब्ज मार्कांचा दंड झाला. अमेरिकेनें आपला राजदूत परत बोलाविला. इंग्लंडनें मुलांसाठीं दार उघडलें. २ डिसेंबर रोजीं हारविच बंदरांत पहिली बोट लागली आणि युद्ध सुरू होईपर्यंत सुमारें दहा हजार मुलें आईबापांवांचून तेथें पोंचलीं. त्यांतल्या बहुसंख्यांना आईबाप पुन्हां दिसले नाहींत. १९३९ च्या मेमध्यें ९३७ उतारू घेऊन निघालेल्या 'सेंट लुई' जहाजाला हॅव्हानानें व नंतर अमेरिकेनें उतरूं दिलें नाहीं. तें युरोपांत परतलें, आणि त्यावरील २५४ लोक पुढें मारले गेले.

६ डिसेंबर १९३८ रोजीं मेलबर्नमध्यें एक लहानसें शिष्टमंडळ जर्मन वकिलातीच्या दाराशीं निषेधपत्र घेऊन गेलें. पुढें होते विल्यम कूपर, सत्तरी ओलांडलेले, ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचे पुढारी. ज्या देशाच्या प्रतिनिधीनें एव्हियांस आपल्याकडे वंशाचा प्रश्न नाहीं असें सांगितलें, त्याच देशांत या लोकांना नागरिकाचे पुरे हक्क नव्हते. वकिलातीनें पत्र घेतलें नाहीं.

हिंदुस्थानांतही या प्रकरणाचे पडसाद उमटले. महात्मा गांधींनीं २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्यें ज्यूंना सत्याग्रहाचा मार्ग सुचविला. मार्टिन बूबर यांनीं फेब्रुवारी १९३९ मध्यें त्यांना दीर्घ उत्तर लिहिलें. सत्याग्रहाला साक्षीदार लागतो, आणि छळछावणीच्या भिंतीआड साक्षीदार नाहीं, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. सरकारी धोरण मात्र लंडनचेंच. परवाना हवा तर येथें कोणी हमीदार पाहिजे, आणि हमी देण्याचें काम १९३४ पासून मुंबईची ज्यू रिलीफ असोसिएशन करीत होती. जे आले त्यांत व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लांगहामर होते. मुंबईच्या तरुण चित्रकारांना त्यांचा मोठा आधार झाला. वॉल्टर कॉफमन हे कार्ल्सबादचे संगीतकार १९३४ सालींच मुंबईंत आले व पुढें आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्य संगीताचे प्रमुख झाले. सकाळीं कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीं वाजणारी आकाशवाणीची जी परिचित धून पिढ्यांनी ऐकली, ती त्यांच्याच नांवावर आहे. आणि १९३९ च्या सप्टेंबरांत युद्ध पुकारलें गेलें, तेव्हां हिटलरपासून पळून आलेल्या या माणसांपैकीं अनेकांना, हातांत जर्मन पासपोर्ट म्हणून, शत्रूराष्ट्राचे प्रजाजन ठरवून तेव्हांच्या अहमदनगरच्या छावणींत डांबण्यांत आलें. कांहीं कुटुंबांनीं पुढचीं वर्षें पुरंदरावर काढलीं.

त्या युद्धाचें निमित्तही ग्लायविट्झलाच घडविण्यांत आलें. ३१ ऑगस्ट १९३९ च्या रात्रीं तेथील रेडिओ केंद्रावर पोलिश हल्लेखोरांचें सोंग घेतलेले जर्मन हस्तक घुसले, पोलिश भाषेंत चार वाक्यें ध्वनिक्षेपित केलीं, आणि पहांटे सैन्य सरहद्द ओलांडून गेलें. पोलंड जिंकल्यावर वरच्या सायलेशियाला जो मुलूख जोडण्यांत आला त्यांत ऑशविट्झ हा गांव होता. ग्लायविट्झपासून तो पन्नास-साठ किलोमीटर. १९४२ पासून त्या प्रांतांत उरलेल्या ज्यूंना जीं आगगाडीचीं तिकिटें नव्हतीं त्या प्रवासासाठीं दूर जावें लागलें नाहीं.

युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनीं ९ डिसेंबर १९४८ रोजीं वंशसंहारविरोधी करार आणि १० डिसेंबर रोजीं मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. फ्रांग्युलिस जें मागत होते तें पंधरा वर्षांनीं अक्षरांत उतरलें; 'सर्व पुरुष' या अर्थानें घेतां येणारा शब्द काढून 'सर्व मानव' असा शब्द त्यांत घालण्याचें श्रेय मुंबईच्या हंसाबेन मेहता यांचें. परंतु अल्पसंख्यांचें कलम त्यांत आलें नाहीं, आणि दाद मागण्याची वाटही नव्हती. पहिल्या वर्षांतच जगाच्या कानाकोपऱ्यांतून तक्रारींचे ढीग येऊन पडले, तेव्हां १९४७ सालीं मानवी हक्क आयोगानें ठरवून टाकलें कीं, अशा तक्रारींवर कांहींही कारवाई करण्याचा आपल्याला अधिकार नाहीं. १९३३ सालीं एका दुकानांतील बडतर्फ नोकराला जें करतां आलें, तें १९४७ सालीं पृथ्वीवर कोणालाच करतां येत नव्हतें.

तो अधिकार परत आला तो तुकड्यातुकड्यानें. युरोपीय मानवी हक्क करारांत व्यक्तीच्या अर्जाची सोय ५ जुलै १९५५ पासून सुरू झाली. ती प्रथम मान्य करणाऱ्या सहा देशांत लेस्टर यांचें आयर्लंड होतें आणि पश्चिम जर्मनीही होती. संयुक्त राष्ट्रांचा तत्सम करार १९६६ सालचा. अंमलांत आला १९७६ मध्यें, आणि तोही ज्यांनीं मान्य केला त्यांच्यापुरता. ग्लायविट्झ १९४५ सालीं पोलंडमध्यें गेलें आणि त्याचें नांव ग्लिवित्से झालें. संयुक्त राष्ट्रांच्या त्या कराराला पोलंडनें १९९१ सालीं मान्यता दिली, युरोपीय कराराखालील अर्जांना १९९३ सालीं. आणि पंधरा वर्षांच्या मुदतीनें दिलेला व १५ जुलै १९३७ रोजीं संपलेला तो अधिकार त्या गांवच्या रहिवाशांच्या हातीं पुन्हां आला.